थरारकथेत मुडदा हवाच का? खर्डा वाचलेल्यांनी जरा बोला

चौथा_मजला

मंडळी, माझ्या कादंबरीचा खर्डा इथल्या काही जणांना पाठवला होता. वाचलेल्यांचे आभार, 'शनिवार-रविवारी वाचतो' म्हणून कळवणाऱ्यांचेही आभार. अभिप्राय सगळे एकाच सुरात आलेत: मजा आली, हसलो, पण थरार म्हणतेस तो कुठाय? एकीने तर पाचव्या प्रकरणात खून घाल म्हणून सुचवलं. कोणाचा, तेही सुचवलं: माझ्या अवर सचिवांचा. मोह झाला, नाही असं नाही.

न वाचलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात. विधान परिषदेची निवडणूक. जागा १०, उमेदवार ११, मतदार विधानसभेचे २८८ आमदार. सत्ताधाऱ्यांचा शेवटचा उमेदवार एका अपक्ष आमदारावर अडकलेला. हा अपक्ष पैसे मागत नाही, महामंडळ मागत नाही. त्याच्या मतदारसंघात एका ओढ्यावर पूल व्हायचाय, आणि त्याची फाइल कित्येक वर्षं मंत्रालयात वरखाली करतेय. 'सही झालेली फाइल डोळ्यांनी बघू द्या, मत तुमचं,' एवढंच त्याचं म्हणणं. मतदान उद्या सकाळी ९ ला सुरू होणार. फाइल सापडत नाही. शोधायचं काम येतं चौथ्या मजल्यावरच्या एका कक्ष अधिकारी बाईंवर, ज्यांनी पर्स खांद्याला लावलेली आहे आणि ज्या आता चर्चगेटला निघणारच होत्या. पुढची सगळी कादंबरी म्हणजे ती एक रात्र.

गोष्ट मुद्दाम २१ जून २०१२ च्या आगीच्या आधीची ठेवली आहे. त्या आगीत वरचे मजले जळाले, मग इमारत आतून बदलली आणि हळूहळू फायली संगणकावर गेल्या. मला लोखंडी कपाटं हवी होती, फितीने बांधलेले गठ्ठे हवे होते आणि जिन्याखाली रचून ठेवलेल्या, कोणाच्याच नसलेल्या खुर्च्या हव्या होत्या.

मी स्वतः तिथे नोकरी केली. विभाग सांगत नाही, पेन्शन सुखाने चालू आहे, चालू राहू दे. तिथे मी माणसं घाबरलेली पाहिली ती गुंडाला किंवा बंदुकीला नाही. सहाव्या मजल्यावरून, म्हणजे मुख्यमंत्री कार्यालयातून, फोन येतो: 'ती फाइल घेऊन वर या.' आणि फाइल टेबलावर नसते. आवक-जावकची वही उघडली जाते. वहीत फाइल गेल्याची नोंद असते, परत आल्याची नसते. किंवा आल्याची असते आणि गेल्याचीच नसते, ते जास्त वाईट. शिपाई, लिपिक, कक्ष अधिकारी, सगळे एकमेकांकडे न बघता कपाटं उघडायला लागतात. ती भीती मला पुस्तकात आणायची होती आणि तिच्यावर हसायचंही होतं, कारण त्यातल्या प्रत्येकाने काम अगदी नियमाप्रमाणे केलेलं असतं. माझ्या गोष्टीत रात्री सव्वाअकराला फाइल वित्त विभागाच्या कपाटात सापडते. वर शेरा: 'प्रस्तावातील व नकाशातील ओढ्याचे नाव भिन्न आहे. कृपया खुलासा व्हावा.' ओढा एकच, पण वरच्या वाडीत त्याला एक नाव, खालच्या वाडीत दुसरं. खुलासा करणारे तहसीलदार मेहुण्याच्या लग्नात, फोन कोटाच्या खिशात, कोट खुर्चीवर. आता सांगा, त्या शेऱ्यात चूक काय आहे? उद्या पूल भलत्याच ओढ्यावर बांधला तर?

'अतिशयोक्ती वाटते' असंही दोघांनी कळवलं. बाबांनो, २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५.४७ ला राष्ट्रपती राजवट उठली आणि लोक दूध आणायला खाली उतरेपर्यंत राजभवनात शपथविधी उरकला होता. तीन दिवसांत राजीनामाही झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्षांनी मंत्रालयात वरच्या मजल्यावरून संरक्षक जाळीत उडी मारली, आंदोलन म्हणून, सोबत आणखी आमदार. हे मी कादंबरीत लिहिलं असतं तर तुम्ही पुस्तक मिटवलं असतं. उलट मी माझ्या गोष्टीत हात आखडूनच लिहिलं आहे.

तर मला कळायला हवं ते असं. हसवणाऱ्या पुस्तकात वाचकाला धास्ती वाटूच शकत नाही का? की माझंच कुठेतरी कमी पडतंय? तोंडावर सांगा. 'छान आहे, लिहीत राहा' हे घरचे सांगतात.

---

बोरिवली_स्लो

काकू, मी वाचलाय, फोनवर, बोरिवली ते चर्चगेट आणि परत. ओढ्याच्या नावाच्या पानावर एवढा हसलो की शेजारचा माणूस फोनमध्ये डोकावायला लागला. पण अंधेरीला उतरणारे उतरले, जागा मिळाली आणि मी पुस्तक बंद करून झोपलो. थरारकथेच्या बाबतीत हे बरं लक्षण नाही.

कारण मला असं वाटतं: खून नाही हे कारण नाहीच. तुमच्या बाईंचं काही जाणार नाहीये. फाइल सापडली नाही तर सरकारचा एक उमेदवार पडेल, त्यात माझ्या काय बापाचं गेलं? बाईंचं निलंबन होणार आहे का? बढती अडणार आहे का? पूर्ण खर्ड्यात त्यांना सगळ्यात मोठी काळजी शेवटची गाडी चुकण्याची आहे. ती मला शंभर टक्के पटते, पण तेवढ्यावर दोनशे पानं धडधडत नाही. हलकंफुलकं पुस्तक हातात घेतलं की वाचक आधीच निर्धास्त असतो, इथे कोणाला काही होणार नाही म्हणून. तो विश्वास तुम्ही लवकर, पहिल्या पन्नास पानांत मोडायला हवा. एकदा कोणाचं तरी खरंखुरं नुकसान होऊ द्या. मग पुढे कितीही विनोद करा, आम्ही जरा जपून हसू.

दुसरं, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव. मी खासगीत काम करतो, मला कोण कोणाचा साहेब ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिघांनाही चष्मा आहे. एकाचा काढा.

---

माणदेशी

मी सांगोला तालुक्यातला, आता घाटकोपरला. माझं म्हणणं वेगळं आहे आणि थोडं तिखट आहे, राग मानू नका ताई.

तुमचा अपक्ष आमदार तोंड उघडतो तिथे तिथे तुम्ही वाचकाला हसायची खूण करता. 'व्हय जी', 'आवं सायेब'. असं गावाकडचं मराठी फक्त नाटकात बोलतात. तुमचे मंत्रालयातले सगळे लोक बुद्धीने हसवतात आणि हा एकटा बोलीने हसवतो. जून २०२२ मध्ये आमच्या तालुक्याच्या आमदारांचा गुवाहाटीहून केलेला फोन सगळ्या महाराष्ट्राने ऐकला, 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील'. मुंबईतले लोक भाषेला हसले. आम्हीही हसलो, पण आम्ही हसलो ते गडी केवढ्या धामधुमीत किती निवांत बोलतोय त्याला. ह्या दोन हसण्यांत फरक आहे. तुमच्या आमदाराला तो निवांतपणा द्या, 'आवं' काढून टाका. माणूस आपोआप गावचा वाटेल, आणि घाबरवेलही. रात्री दोनला सगळे पळत असताना जो शांत बसून चहा पितो, त्याच्याच मनात काय आहे ते कळत नाही.

आमदार निवासातलं प्रकरण मात्र फार चांगलं उतरलंय. खोलीत आमदार सोडून सगळे झोपलेले, कोणाचा ऑपरेशनचा कागद उशाखाली, कोणी टाटाच्या तारखेसाठी आलेला, कॉटखाली ट्रंक. मी लहानपणी वडिलांच्या उपचाराला आलो तेव्हा अशाच खोलीत जमिनीवर झोपलोय. तिथे तुम्ही एकही विनोद केलेला नाही हे माझ्या लक्षात आलं. आणि सांगू का, थरार तिथेच होता. त्या झोपलेल्यांपैकी कोणीतरी तो ओढा पावसाळ्यात ओलांडत असेल ना? मग त्याला एकदा जागा करा आणि बोलू द्या.

---

खून_हवा

अवर सचिवांचा खून मीच सुचवला होता आणि मी मतावर ठाम आहे. निदान चक्कर तरी येऊ दे त्यांना. असला शेरा मारून माणूस सुखरूप घरी जातो हे वाचवत नाही.

---

मतमोजणी

खर्डा वाचला. वाङ्मयीन मत देण्याचा मला अधिकार नाही, पण निवडणुकीचं काम जवळून पाहिलंय, म्हणून लिहितो. बाई, तुम्ही थरार शोधत कपाटं उघडताय आणि तो मतमोजणीच्या टेबलावर पडलाय. तुम्ही मतमोजणी दीड पानात उरकली आहे!

हिशोब बघा. परिषदेच्या या निवडणुकीत पसंतीक्रमाने मतं देतात आणि प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. २८८ मतं वैध म्हणजे २८,८००. जागा १०, त्यात एक मिळवून ११ ने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा: कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारं मूल्य, २,६१९. तुमच्या उमेदवाराकडे अपक्ष धरून २७ मतं आहेत. २,७००, निवडून आला, पेढे. अपक्ष गेला तर २६, म्हणजे २,६००. एकोणीस कमी.

आता त्याच पक्षाच्या पहिल्या उमेदवाराला २८ मतं पडली आहेत असं धरा. २,८०० वजा २,६१९, शिल्लक १८१. ही शिल्लक त्याच्या पत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीकडे जाते. अठ्ठावीसही पत्रिकांवर पुढची पसंती अजून शर्यतीत असलेल्या कोणाला तरी दिलेली असेल तर १८१ भागिले २८, अपूर्णांक सोडून प्रत्येकी ६. तिघांनी दुसरी पसंती तुमच्या माणसाला दिली असेल तर १८. २,६०० अधिक १८ म्हणजे २,६१८. एकाने कमी! चौघांनी दिली असती तर पार. म्हणजे आपल्याच पक्षातला तो चौथा कोण, हा प्रश्न अपक्षाइतकाच महत्त्वाचा होतो. अर्थात कोटा गाठलाच पाहिजे असं नाही. सगळ्यात मागचा बाद झाला आणि जागांइतकेच उमेदवार उरले की तेही निवडून येतात. तेव्हा खरी झुंज त्या अकराव्याशी, आणि त्याच्याही पत्रिका तशाच मोजायच्या आहेत. हे सगळं माणसं टेबलाभोवती उभी राहून, पेन्सिलने, एकमेकांच्या कागदात डोकावत करतात. तुमच्या शैलीला याहून काय हवं?

आणखी दोन गोष्टी. तुमचा प्रतोद अपक्षाला पक्षादेश मोडलास तर आमदारकी जाईल म्हणतो. अपक्षाला पक्षच नाही, आणि हे मतदान सभागृहातल्या कामकाजासारखं पक्षांतरबंदीत येत नाही. प्रतोदाला हे माहीत असणारच. मग तो मुद्दाम खोटी धमकी देतोय का, आणि आमदार ती खरी मानल्याचं सोंग करतोय का? तसं असेल तर ते चार ओळींत संपवू नका.

दुसरी गोष्ट सगळ्यात मोठी. राज्यसभेला पक्षाचे आमदार मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतात. ऑगस्ट २०१७ मध्ये गुजरातेत दोघांनी ती नको त्यालाही दाखवली, मतं बाद झाली आणि निकाल मध्यरात्रीनंतर लागला. परिषदेला मात्र मतदान गुप्त असतं. फाइलवर सही झाली, आमदाराने डोळे भरून पाहिली, आत गेला, बाहेर आला. त्याने मत कोणाला दिलं हे जगात कोणालाच कळणार नाही. तुमची अख्खी रात्र ज्या शब्दावर उभी आहे तो पाळला की नाही, हे तपासायची सोयच नाही.

---

फुकट_सल्ला

मत नोंदवायच्या त्या जांभळ्या स्केचपेनचं काहीतरी घाला ना! २०१६ ला हरियाणात राज्यसभेची डझनभर मतं चुकीच्या पेनामुळे बाद झाली होती. कोणीतरी पेन बदललं, असा सस्पेन्स.

---

चौथा_मजला

@फुकट_सल्ला, त्या प्रकरणानंतर ते ठरावीक जांभळं पेन आलं. माझी गोष्ट २०१२ च्या आधीची. जांभळं पेन बदलायला आधी ते असावं लागतं.

@बोरिवली_स्लो, बाईंचं काही जात नाही, हे बरोबर हेरलंत, पण निलंबन मी घालणार नाही. निलंबनाने सरकारी माणूस पुस्तकात वाटतो तेवढा घाबरत नाही, चौकशी चालते, निर्वाहभत्ता मिळतो. त्याला भीती असते ती आपल्या सहीची. वर्षांपूर्वी आपण कशावर तरी सही केली होती आणि आज तो कागद कोणीतरी उघडणार. माझ्या डोक्यात आता असं येतंय की तो ओढ्याच्या नावाचा पहिला शेरा, नव्या असताना, बाईंनीच मारलेला आहे. वित्त विभागाने फक्त त्यांचंच वाक्य पुढे उतरवलंय. मग रात्रभर त्या फाइल शोधतायत आणि सापडू नये असंही त्यांना वाटतंय. बघा, यात मुडदा न पाडता झोप उडते का. चष्मा सहसचिवांचा काढते, उपसचिवांचा काढता येणार नाही, तो एका खऱ्या माणसाचा आहे.

@माणदेशी, राग कसला. 'आवं' जाणार. पण एक सांगते: तो चहा पिणारा शांत आमदार मला थोडा जास्तच देखणा वाटतोय. गावाकडचा माणूस म्हणजे शहाणा, शांत, खोल, हाही नाटकातलाच साचा आहे, फक्त नाटक वेगळं. माझा आमदार घाबरट राहील. पुलाच्या बाबतीत हट्टी आणि बाकी सगळ्या बाबतीत घाबरट, अशी माणसं मी केबिनबाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसलेली पाहिली आहेत. खोलीत झोपलेल्याला जागं करायची सूचना घेते. त्याला भाषण देणार नाही. तो पाणी मागेल आणि पूल कुठवर आला विचारेल.

@खून_हवा, चक्कर मंजूर. पण दुपारी, आणि कॅन्टीनच्या रांगेत.

@मतमोजणी, तुमचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून दोनदा गणित केलं. २,६१८! आता मतमोजणीला दोन पूर्ण प्रकरणं. प्रतोद आणि अपक्ष दोघंही सोंग करतायत हेच मला म्हणायचं होतं, ते दिसत नसेल तर प्रसंग मोठा करते. गुप्त मतदानाचं मात्र मी आधीपासून धरून आहे, म्हणूनच शेवटी अपक्ष काय करतो ते लिहिलेलं नाही. तुम्हाला ते राहून गेलं असं वाटलं काय?

---

मतमोजणी

हो, राहून गेलं असंच वाटलं. लपवलंय हे वाचकाला कळलं पाहिजे. त्यासाठी आकडा द्या. आकडा दिलात की वाचक स्वतः हिशोब करत बसेल, की २७ आले म्हणजे अपक्षाने दिलं, की अपक्षाने नाही दिलं आणि समोरचाच कोणीतरी फुटला?

---

बोरिवली_स्लो

बाईंनीच शेरा मारलेला! हे पहिल्या खर्ड्यात का नव्हतं? मी अंधेरीला झोपलो नसतो. पण मग हसू राहील का काकू? मला आता त्या बाईंची दया यायला लागली आहे आणि ओढ्याच्या शेऱ्यावर पहिल्यासारखं हसवेल असं वाटत नाही.

---

चौथा_मजला

पहिल्या वाचनात हसा, शेरा कोणाचा ते कळेपर्यंत. ते कळतं पहाटे तीनला, तोपर्यंत तुम्ही हसून मोकळे झालेले असाल. मला तेवढं पुरे आहे.

@मतमोजणी, एक शंका, हे पक्कं केल्याशिवाय पुढे लिहिता येणार नाही. निकाल जाहीर व्हायच्या आधी उमेदवाराच्या प्रतिनिधीने फेरमोजणी मागितली, तर सगळे गठ्ठे परत पहिल्यापासून मोजतात की नुसती शेवटची फेरी? आणि तोपर्यंत बाकीच्या लोकांना त्या दालनातून बाहेर जाता येतं का? माझ्या अवर सचिवांना त्या वेळी आतच अडकवायचंय.